आधी सादा

मे महिन्यात ग्वाल्हेरला दुपारी बारानंतर कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. अशा उन्हात आमच्या इस्पितळाच्या मागच्या दारातून एक उंच, सावळ्या बाई लोकरीचा तपकिरी स्वेटर घालून बाहेर यायच्या. दाराबाहेरच्या कडुनिंबाखाली थांबून तो अंगातून काढायच्या, नीट घडी करून पर्सवर ठेवायच्या, छत्री उघडायच्या आणि कंपू मोहल्ल्याच्या दिशेने चालू लागायच्या. नवा माणूस तोंड उघडं टाकून बघत राही. समोरच्या रसवाल्याला मात्र सवय झाली होती. तो ओरडून विचारायचा, "दीदी, आज अंदर कितनी ठंड रही?" बाई न थांबता म्हणायच्या, "आज तो रजाई की कमी पड़ गई, भैया."

त्या आमच्या खराडेबाई. डोक्याचा स्कॅन काढायच्या मशीनला बारा महिने थंडगार खोली लागते आणि त्या खोलीत बाईंचं निम्मं आयुष्य गेलं. डिसेंबरात उलटं व्हायचं. सगळं शहर शेकोट्यांभोवती गोळा झालेलं असताना मशीनची खोली बाहेरच्यापेक्षा उबदार वाटायची आणि बाई स्वेटर खुंटीला लावून मजेत फिरायच्या. "आपटेबाबू, माझं मौसम सरकारी आहे," असं मला ऐकवायच्या.

आपटेबाबू म्हणजे मी. त्याच विभागात टायपिस्ट होतो. डॉक्टरसाहेब फिल्म बघत बोलायचे, मी टाईप करायचो. माझं टायपिंग चांगलं होतं, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी कधी सांगितलं नाही. खाडाखोड नाही, समास दोन्हीकडे सारखा. शब्दांचा अर्थ मात्र मला फार उशिरा कळायला लागला आणि तो कळला तो खराडेबाईंमुळे.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत असते तशी आमची थट्टा चालायची. खराड्यांचे पूर्वज दक्षिणेतून भाले घेऊन आले, आमचे पळी-पंचपात्री घेऊन. आता दोघांचे वंशज एका सरकारी पगारावर आणि एकाच चहाच्या किटलीवर जगत होते. मी जरा संथपणे काही समजावून सांगायला लागलो की त्या म्हणायच्या, "बस करा, संकल्प सोडून राहिलात का?" आणि त्यांनी कुणाला दरडावलं की मी विचारायचो, "कुठल्या किल्ल्यावर स्वारी?"

स्वारी बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून असायची. डोक्यात गाठ असल्याचा संशय असला की दोन प्रकारचे स्कॅन काढतात. एक नुसता, त्याला आमच्याकडे सादा म्हणत. दुसरा शिरेतून औषध सोडून, तो दवावाला. औषध गाठीत शिरतं, गाठ पांढरी उजळते आणि नीट दिसते. साहजिकच सगळ्यांना दवावाल्याचं कौतुक. घाईच्या दिवशी सादा टाळून थेट दवावाला काढायचा मोह कुणालाही व्हावा. बाईंच्या पाळीत हे कधी झालं नाही. सुई हातात घेऊन उभ्या राहिलेल्या डॉक्टरलाही त्या अडवायच्या. "आधी सादा."

एकदा मी विचारलं, "बाई, दवावाल्यात सगळं लख्ख दिसतं, तर साद्याची एवढी भक्ती कशाला?"

त्या डबा खात होत्या. चमचा खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "घरी डाळ कोण निवडते?"

"आमची ही."

"कधी निवडते? हळद टाकायच्या आधी की नंतर?"

"आधीच."

"का? नंतर निवडली तर काय होईल?"

मी विचार केला. "नंतर खडाही पिवळाच दिसेल."

"हं. रक्त साद्यात पांढरं दिसते. दवाही पांढरी. गाठीत रक्त फुटलेलं असेल आणि तुम्ही आधीच दवा टाकली, तर मग बसा शोधत, रक्त कुठलं आणि दवा कुठली." चमचा उचलून त्या पुन्हा जेवायला लागल्या. "आता तुम्ही टाईप करता ना, 'गाठीत रक्तस्राव दिसत नाही'? ते एक वाक्य माझ्या साद्यावर उभं असते."

मी ते वाक्य तोवर हजार वेळा टाईप केलं असेल. त्या दिवशी घरी जाऊन हिला म्हटलं, डाळ निवडताना मला दाखव. हिला वाटलं उन्हाचा त्रास झाला.

बाईंना लोकांना स्थिर झोपवण्याची कला होती. मशीनच्या त्या गोल भोकात डोकं घालायचं म्हटलं की भिंड-मोरेन्याकडचे बंदूक बाळगणारे गडीही रडकुंडीला यायचे. बाई त्यांच्या कपाळावर तळहात ठेवून म्हणायच्या, "दादा, फोटू खिंच रही है, बस. हिलोगे तो भूत जैसे आओगे." मग जोडून विचारायच्या, "घर में भैंसें कितनी हैं? मन में गिनो." माणूस म्हशी मोजण्यात गुंतायचा. स्कॅन संपला की त्या खरोखरच विचारायच्या, किती झाल्या म्हणून. एकाने सांगितलं, सात. आणि उठताना गंभीरपणे दुरुस्ती केली, "एक ब्याने वाली है," म्हणजे व्यायला आलेली.

आता त्यांची चूक सांगतो, कारण ती त्यांनीच मला चार वेळा सांगितली होती. मशीन नवं असताना एका पोस्टमनच्या साद्या स्कॅनमध्ये गाठीत पांढरा ठिपका दिसला. बाईंनी छातीठोक सांगितलं, रक्त आहे. डॉक्टर नवखे होते, त्यांनी बाईंवर विश्वास ठेवून तसंच लिहायला लावलं आणि मी तसंच टाईप केलं. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. पंधरा दिवसांनी पुन्हा स्कॅन झाला, ठिपका जागच्या जागी. रक्त असतं तर एव्हाना फिकं पडलं असतं. तो चुना होता, म्हणजे कॅल्शियम. जुन्या गाठीत तो साचतो आणि तोही पांढराच दिसतो.

दुसरं कुणी असतं तर डॉक्टरांच्या सहीमागे लपलं असतं. बाई वॉर्डात गेल्या, पोस्टमनच्या खाटेशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भैया, तुम्हारे पंद्रह दिन मैंने खराब किए. गलती मेरी थी." पोस्टमन बिचारा इतका घाबरला की तोच उठून हात जोडायला लागला. त्या दिवसापासून बाई पांढऱ्या ठिपक्यावर बारीक वर्तुळ ठेवून मशीन दाखवतं तो आकडा वहीत उतरवून घ्यायला लागल्या. रक्ताचा आकडा खालचा, चुन्याचा पुष्कळ वरचा. शाळेच्या वहीसारखी ती वही, वर निळा कागद. डॉक्टर बदलून जात, नवे येत, आणि नव्या डॉक्टरला पहिल्या आठवड्यात ती वही वाचायला मिळायची.

मग जोडाजोडी आणि तोडातोडी एकाच हंगामात आली.

जोडाजोडी आमच्या विभागाची. तोवर एक्स-रेवाले वेगळे आणि स्कॅनवाले वेगळे होते. दोन इमारती, दोन हजेरीपट, पाण्याचे दोन माठ. वरून हुकूम आला की सगळं एक करा. मी टाईप दोन्हीकडचं करायचो, पण हजेरी एक्स-रेच्या बाजूला, त्यामुळे टाईपरायटर डोक्यावर घेऊन वरात निघावी तसे आम्ही नव्या इमारतीत गेलो. पहिले दोन महिने भांडण कशावरून झालं तर भिंतीवरच्या घड्याळावरून. एक्स-रेचं घड्याळ पाच मिनिटं पुढे, स्कॅनचं बरोबर. दोन्ही एकाच भिंतीवर लावली गेली आणि जो तो आपल्या घड्याळाने घरी जायचा.

नवे प्रमुख डॉक्टर सक्सेना आले. माणूस सरळ आणि मितभाषी. दोन ओळींच्या वर बोलणं त्यांना पाप वाटायचं. दोन विभागांच्या रांगा एक झाल्या होत्या आणि लोक महिनामहिना तारखेची वाट बघत होते. त्यांनी एक आदेश काढला, तोही दोन ओळींचा. एका रुग्णाचा एकच स्कॅन. गाठीचा संशय असेल तर थेट दवावाला, आणि बाहेरून काढून आणलेला असेल तर पुन्हा काढायचा नाही. मीच टाईप केला. त्यात दुष्टावा नव्हता. रांग खरीच लांब होती.

खराडेबाई तो कागद हातात घेऊन साहेबांकडे गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, देखेंगे."

"मग?"

"मग काय. कसं बघतील, सादा काढलाच नाही तर?"

तोडातोडी राज्याची होती. मध्य प्रदेशाचे दोन तुकडे झाले, पूर्वेकडे छत्तीसगड निघालं आणि सरकारी माणसांचीही वाटणी सुरू झाली. याद्या यायच्या आणि लोक आपलं नाव शोधताना दहावीच्या निकालासारखे घामाघूम व्हायचे. आमच्या स्कॅनचे दोन टेक्निशियन पहिल्याच यादीत गेले. दुसऱ्या यादीत नाव निघालं कुसुम खराडे.

बाईंचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा खाजगी, तिथे बदली वगैरे काही नसते. मुलगी वैशाली बारावीला. बाई गेल्या तर घर इथे आणि त्या तिथे, मधे दीड दिवसाची गाडी. जन्मापासून ग्वाल्हेर सोडून त्या कुठे राहिल्या नव्हत्या. लग्न होऊनसुद्धा शहरातल्या लश्कर भागातून लश्कर भागातच आल्या होत्या. नाव कमी करून घ्यायला अर्ज करता येत होता, पण अर्जासोबत विभागप्रमुखाचा अभिप्राय लागायचा. म्हणजे सगळं सक्सेनासाहेबांच्या लेखणीवर आलं.

"आता महिनाभर तरी साहेबांशी गोड राहा," मी त्यांना बजावलं.

"मी कडू कधी होती?" त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात रामकली आली. मोरेन्याजवळच्या खेड्यातली शिवणकाम करणारी बाई, चाळिशीची. डोक्यात गाठ असल्याचं कळलेलं. त्याच दिवशी सकाळी भावाने बाहेर कुठेतरी स्कॅन काढून आणला होता. थेट दवावाला. महिनाभर अंथरुणात पडून राहिल्याने तिचा डावा पाय सुजून खांबासारखा झाला होता, शिरेत रक्ताची गुठळी होती. ती गुठळी सुटून छातीत गेली तर खेळ खलास. म्हणून वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई रक्त पातळ करायची सुई त्याच दुपारी सुरू करणार होत्या. त्याआधी त्यांनी फिल्म मत विचारायला आमच्याकडे पाठवली.

भिंतीवर काचेची पेटी होती, मागे ट्यूबलाइट. बाईंनी फिल्म तिच्यावर लावली. गाठीच्या मधोमध पांढरा डाग होता. त्या डागाकडे त्या किती वेळ बघत होत्या कोण जाणे, मी चहा पिऊन परत आलो तरी तिथेच होत्या.

"हे काय असेल?" मी विचारलं.

"दवा असेल. नाहीतर रक्त असेल." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "रक्त असेल आणि वरून ते पातळ करायची सुई दिली, तर ती बाई उद्या उठणार नाही."

"आणि दवा असेल तर?"

"मग सुई नाही दिली तर पाय तिला मारेल."

साहेब त्या दिवशी भोपाळला बैठकीला गेले होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. बाहेरचा स्कॅन हातात होता, म्हणजे आदेशाप्रमाणे पुन्हा काढायचा नाही. मी आदेशाची आठवण केली, अर्जाचीही केली, वैशालीचंही नाव घेतलं. मला लाज वाटत नाही सांगायला, मी त्यांना विनवलं. म्हटलं, डॉक्टरांचं काम डॉक्टर बघतील, आपण मधे का पडायचं?

बाई निघाल्याच. वॉर्डात गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "मॅडम, कल सुबह तक रुक जाइए. दवा पेशाब से निकल जाती है, खून नहीं निकलता. सुबह सादा निकाल देती हूँ. जो सफेद बचा, वो खून." डॉक्टरीणबाई हुशार होत्या. त्यांनी पाय उंच बांधून ठेवला आणि सकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला, रोजची रांग लागायच्या आत, बाई हजर. मीही होतो. कशाला गेलो होतो ते माहीत नाही, टाईप करायला तर काही नव्हतं. रामकलीला स्ट्रेचरवरून सरकवताना बाई म्हणाल्या, "भैंसें गिनो." ती क्षीण आवाजात म्हणाली, "हमाये तो बकरियाँ हैं." "तो बकरियाँ गिनो. छोटी-छोटी भी."

पडद्यावर डोक्याचे काप एकेक करून यायला लागले. राखाडी, राखाडी, राखाडी. मग गाठीची जागा आली आणि तिच्या मधोमध तो डाग तसाच पांढरा. आदल्या दिवशीची दवा केव्हाच निघून गेली होती. बाईंनी वर्तुळ ठेवलं, आकडा वाचला, निळी वही उघडली, पुन्हा आकडा वाचला. मग मागे टेकून बसल्या. "चुना नाही," एवढंच म्हणाल्या.

सुई थांबली. डॉक्टरीणबाईंनी त्याच दुपारी रामकलीला दिल्लीला पाठवायची व्यवस्था केली. गुठळी वर सरकू नये म्हणून तिथे पोटातल्या शिरेत जाळी बसवली आणि नंतर गाठही काढली. चार महिन्यांनी ती काठी न घेता चालत आमच्या विभागात आली. डोक्यावर पदर, हातात मोरेन्याच्या गजकचा, म्हणजे तीळगुळाच्या वड्यांचा, डबा. तो डबा बाईंना मिळाला नाही, कारण तोवर बाई ग्वाल्हेरात नव्हत्या. पण ते पुढे.

सक्सेनासाहेब दुपारी आले. बाईंनी स्वतःच दोन्ही फिल्म पेटीवर शेजारी शेजारी लावून ठेवल्या होत्या आणि त्या हात मागे बांधून उभ्या होत्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग आपला आदेश मागवला आणि शाईच्या पेनाने खाली लिहिलं, गाठीच्या रुग्णांना हा आदेश लागू नाही, त्यांचा सादा स्कॅन आधी. सही केली आणि म्हणाले, "ठीक है, खराडे." त्यांच्या हिशेबाने हे भाषणच झालं.

मला इतका आनंद झाला होता की मी मूर्खपणा करणार हे ठरलेलंच होतं.

अभिप्राय दोनच दिवसांनी लिहायचा होता. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "लिखो. अच्छी टेक्निशियन हैं. ग्वालियर में रखा जाए." झालं. दोन वाक्यं. मी टाईपरायटरपाशी येऊन बसलो आणि मला ते दोन वाक्यांचं शुष्क प्रशस्तिपत्र बघवेना. वर भोपाळात असे ढीगभर कागद येत असणार. अशा वाळक्या कागदाकडे कोण बघणार? ज्या बाईने एका माणसाचा जीव वाचवला, तिच्यासाठी सरकारी भाषेत चार शब्द जास्त नकोत? मी हात मोकळे केले. लिहिलं, सदर कर्मचारी डोक्याच्या स्कॅनमधील रक्तस्राव ओळखण्यात अत्यंत निष्णात असून, स्कॅन विभाग एकहाती चालवण्यास, नव्या ठिकाणी उभा करण्यास, तसेच नवीन कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यास समर्थ आहे. तीन वेळा वाचलं. हिंदीत ते फारच भारदस्त वाटत होतं. साहेबांना लग्नाला जायचं होतं, त्यांनी उभ्या उभ्या सही केली.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. टपाल मीच फोडायचो. नव्या राज्यात बिलासपूरच्या इस्पितळात स्कॅन विभाग सुरू व्हायचा असून, सदर कर्मचारी तो विभाग नव्या ठिकाणी उभा करण्यास तसेच नवीन कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्यास समर्थ असल्याचे विभागप्रमुखांच्या अभिप्रायावरून दिसते, सबब अर्ज अमान्य. माझंच वाक्य. स्वल्पविरामसुद्धा माझे.

साहेबांनी कागद वाचला, मला हाक मारली आणि विचारलं, "मैंने ऐसा लिखा था?" मग कागद फाईलमध्ये ठेवून म्हणाले, "बाई को मत बताना." माझी चूक त्यांनी स्वतःच्या सहीखाली राहू दिली. त्यांनी पुन्हा पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही.

बाई निघाल्या त्या सकाळी मी स्टेशनवर गेलो. यजमान सामान मोजत होते, वैशाली डोळे पुसत होती आणि बाई खिडकीत बसून तिला बजावत होत्या की फिजिक्सची वही पुरी कर आणि बाबांना सकाळी चहा दोनदा देऊ नको. गाडी हलली, मी चालत चालत म्हटलं, "बाई, एक सांगायचं होतं." त्या म्हणाल्या, "चिठ्ठीत लिहा, आपटेबाबू, जल्दी काय आहे?" मी चिठ्ठी लिहायला बसलो ते पुष्कळदा. टायपिस्ट माणूस, पण ती एक चिठ्ठी मला जमली नाही.

वैशालीला मेडिकलला प्रवेश मिळाला, यजमान पुढच्या वर्षी शाळा सोडून बिलासपूरला गेले, एवढं कळत होतं. पण माझ्या मनातलं ओझं काही उतरलं नाही. घरी कुणाची बदली, कुणाचं घर लांब गेलं असा विषय निघाला की मी उठून अंगणात जायचो.

निवृत्त झाल्यावर एका लग्नासाठी बिलासपूरला जाणं झालं. लग्न राहिलं बाजूला, मी सकाळीच रिक्षा करून इस्पितळ गाठलं. स्कॅनची खोली शोधायला लागली नाही. बाहेर रणरणतं ऊन, आणि दाराशी तीन तरुण मुली रंगीत स्वेटर घालून उभ्या होत्या.

आत खराडेबाई काचेच्या पेटीपुढे उभ्या होत्या. केस पिकले होते, चष्मा जाड झाला होता, उंची तेवढीच. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद फुटला तो मी जन्मात विसरणार नाही. "अरे! आपटेबाबू!" मग लगेच तिन्ही मुलींना, "पाय लागो इनके, ग्वालियर के हैं." चहा आला, बिस्किटं आली. मी चहाला हातही लावला नाही. म्हटलं, बाई, आधी ऐका, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेबांची दोन वाक्यं, माझ्या चार ओळी, त्यांची उभ्या उभ्या सही. माझ्यामुळे तुमचं घर मोडलं, असंही म्हणालो.

बाई हसायला लागल्या. "मला तेव्हाच माहीत होतं."

"काय?"

"अहो, अर्जाला जोडलेला अभिप्राय मला वरच्या ऑफिसात दाखवलाच होता. सक्सेनासाहेब चार ओळी बोलतील? त्यांनी आपल्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण एका ओळीत दिलं होतं. आणि दोन्हीकडे समास बरोबर सारखा. आणखी कुणाचा असेल?"

"मग तुम्ही कधी बोलल्या नाहीत?"

"काय बोलायचं? पहिलं साल फार रडली मी, खोटं नाही सांगत." त्यांनी चष्मा वर सरकवला. "पण दुसऱ्या साली परतीची ऑर्डर आली होती. घेतली नाही. इथे या पोरी शिकत होत्या, ही सुमित्रा तर साद्यात चुना ओळखायला लागली होती. यजमानांना म्हटलं, तुम्हीच या. आले. इथे मुलांना चित्रं शिकवतात, खुश आहेत."

इतकी वर्षं अंगणात जाऊन काढलेले उसासे मला एकदम फुकट गेल्यासारखे वाटले, आणि बरंही वाटलं.

तेवढ्यात सुमित्रा एक फिल्म घेऊन आली आणि तिने ती पेटीवर लावली. बाई पुढे झाल्या. फिल्मकडे बघत बघतच त्यांनी मला विचारलं, "पण तुम्ही जे टाईप केलं होतं, त्यातलं एक तरी खोटं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग सरका जरा. उजेड अडवून राहिलात."